हेमाचं शून्य

पट्टा हळदीकुंकवाला वाण म्हणून द्यायची कल्पना माझी. आरोग्य अधिकारी मंत्र्यांसमोर ती स्वतःची म्हणून सांगून आले, पण नाही, माझीच. मी सुवर्णा खराडे, करंजओढ्याची आशा. सतरा वर्षं गावातल्या बायकांच्या गोळ्या, लसी आणि बाळंतपणं बघतेय. शाबासकी घ्यायला मी तुरुतुरु पुढं झाले होते, तेव्हा पुढचंही माझ्याच तोंडानं सांगायला पाहिजे.

दोन हजार अडतीस सालच्या डिसेंबरात तालुक्याला आमचं तीन दिवसांचं प्रशिक्षण झालं. पुण्याहून एक मेहेंदळे मॅडम आल्या होत्या, तो पट्टा बनवणाऱ्या इंजिनिअरांपैकी. मोठ्या हुशार बाई, आणि समजावून सांगायची हौस असलेल्या. त्या म्हणाल्या, "डोळे मिटून बसा आणि बोटाला काटा टोचून घ्या. कुठल्या बोटाला टोचला ते लगेच सांगाल. आता ओटीपोटात दुखणारी बाई आठवा. कुठं दुखतंय विचारलं तर काय करते?"

आम्ही साठजणी एकदम म्हणालो, "इथं कुठंतरी म्हणते." आणि सगळ्यांनी आपापल्या पोटावरून गोल हात फिरवला. सभागृहात हशा पिकला.

त्याचं कारण त्यांनी सांगितलं. कातडीला मज्जातंतूंची दाटी असते, आतल्या अवयवांना थोडेच. त्यातून गर्भाशय, अंडाशय, मूत्राशय आणि आतडं यांचे तंतू पाठीच्या कण्यात जवळजवळ एकाच वाटेनं शिरतात. चार भाडेकरूंना मिळून एकच बेल असावी तसं ते आहे. बेल वाजते, पण पाहुणा कुणाकडं आलाय ते मेंदूला कळत नाही. म्हणून पाळीचं दुखणं, लघवीचा संसर्ग, अंडाशयातली गाठ, नळ्यांची सूज, गर्भाशयाचं अस्तर भलत्या जागी वाढणं, अपेंडिक्स, नाहीतर साधं पोट साफ नसणं, सगळ्याची तक्रार एकच. खाली दुखतंय. बाई महिनोन्महिने ओवा खात बसते.

पट्टा हे कोडं सोडवणार होता. मऊ कापडात नखाएवढ्या चकत्या शिवलेल्या. काही चकत्या सोनोग्राफीसारखा आवाज आत सोडून त्याचा प्रतिध्वनी ऐकायच्या, काही आतले विजेचे बारीक संदेश टिपायच्या. प्रत्येक अवयवाची लय वेगळी असते. पण प्रत्येक बाईचं पोटही वेगळं. कुणाचं सिझर झालेलं, कुणाचं टाक्याचं ऑपरेशन. म्हणून पट्टा आधी त्या बाईचं स्वतःचं शून्य शिकायचा. काही दुखत नसेल अशा दिवशी वीस मिनिटं उताणं पडायचं, नोंद करायची. पुढं फरक पडला तर नारिंगी दिवा, जास्त पडला तर लाल, आणि फोनवर कारणांची यादी टक्क्यांसकट. नाहीतर हिरवा. शरीर वयाबरोबर बदलतं, म्हणून ते शून्यही दर महिन्याला केसभर आपोआप सरकायचं.

मी हात वर करून विचारलं, "मॅडम, शून्य घेतानाच दुखत असलं तर?"

"तर घ्यायचं नाही. पट्टा आधी प्रश्न विचारतो. हो म्हटलं की नोंद थांबवून तो डॉक्टरांकडे पाठवतो. तपासणी झाली, बरं वाटलं, की मग शून्य."

"आणि बाई खोटं बोलली तर?"

मॅडम हसल्या. "स्वतःच्या पोटाबद्दल कोण कशाला खोटं बोलेल?"

आणि मीही हसले. इतकी वर्षं बायकांत काढून मी हसले, याची आता मला चीड येते.

गावात आल्यावर खरी पंचाईत झाली. जानेवारीअखेर दोनशे शून्यं पाहिजे होती आणि शिबिराला कुत्रं फिरकेना. आमच्याकडच्या बायका बेदाण्याच्या शेडवर. दिवसभर मांडी घालून बेदाणा निवडायचा, उठलं की मालक बघतो, म्हणून पाणीसुद्धा घोटभर प्यायचं. वीस मिनिटं पडून राहायला कोण येणार? मग माझ्या सुपीक डोक्यात आलं, संक्रांत! हळदीकुंकवाला न बोलावता येतील. वाण म्हणून पट्टाच द्यायचा, तिथंच सतरंजीवर आडवं करायचं.

काय सोहळा झाला म्हणून सांगू! शाळेच्या हॉलमध्ये पंधरा सतरंज्या, उदबत्त्या, काठापदराच्या साड्या, हलव्याचे दागिने घालून एक नवी नवरी. आधी हळदीकुंकू, मग तिळगूळ, मग पट्टा. माझा फोन प्रत्येकीला विचारायचा, "आत्ता ओटीपोटात दुखतंय का? जडपणा, जळजळ, कळ?" आणि प्रत्येकजण म्हणायची, न्हाई. दोनशे अठरा बायका, दोनशे अठरा न्हाई. त्यातल्या नऊजणींना आदल्या आठवड्यात मीच गोळ्या दिल्या होत्या. पण सवाष्णीनं सणादिवशी दुखणं बोलायचं नसतं, हे काय कुणाला शिकवावं लागतं? शेजारच्या सतरंजीवर सासू, पलीकडं चुलतसासू. न्हाई तर न्हाई. मी बोट दाबत गेले.

दुपारी माझी धाकटी जाऊ आली, हेमा. आमचं अंगण एक, चुली दोन. माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान, शेडवर सगळ्यात भरभर हात चालणारी, आणि हसायला लागली की थांबायची नाही अशी. ती आडवी झाली. पट्टा बांधताना हळूच म्हणाली, "अक्का, खाली जरा जड जड वाटतंय. तीन महिनं झालं. सांगू का?"

बाहेर साठ बायका खोळंबल्या होत्या. मी म्हटलं, "सणाला दुखणं सांगत्यात व्हय गं? न्हाई म्हण आणि गप पड."

हेमा हसली आणि न्हाई म्हणाली.

महिनाभरात कौतुक झालं. एका दिवसात दोनशे अठरा, राज्यात पहिला नंबर. सांगलीला शाल, श्रीफळ. पुढच्या संक्रांतीला सरकारनं परिपत्रक काढून अख्ख्या महाराष्ट्रात तसंच करायला लावलं. नाव काय, तर करंजओढा पॅटर्न. माझा भाऊ म्हणाला, आमची सुवर्णी नाव काढणार म्हणत होतो ते खरं झालं.

हेमाचा जडपणा गेला नाही. पावसाळ्यात ती दोन घास खाऊन ताट सरकवायला लागली. लघवीला सारखी जायची. कंबर धरून चालायची. मी तिला पट्टा बांधायला सांगायची, दहा मिनिटं वाट बघायची. हिरवा. फोनवर अक्षरं यायची, "तुमचं पोट नेहमीसारखं आहे." मी म्हणायची, "बघ, यंत्र काय म्हणतंय. गॅस असंल." ती माझ्याकडं बघायची आणि ओवा तोंडात टाकायची.

तोवर सरकारी दवाखान्यात नियम आला होता. नारिंगी असल्याशिवाय पोटाची सोनोग्राफी नाही. गर्दी आवरायला चांगलाच नियम, मीही तेव्हा टाळ्या वाजवल्या होत्या. हेमा दोनदा गेली, दोनदा खिडकीवरूनच परत आली.

पुढच्या उन्हाळ्यात तिचं पोट दिसायला लागलं. शेडवरच्या बायका म्हणाल्या, "काय गं, पोरगी तेरा वर्षांची झाली आणि आता दुसरं?" ती हसण्यावारी न्यायची. तिचा नवरा प्रमोद, माझा दीर, तसा वाईट माणूस नाही. पण बागेची फवारणी करून दमून आलेला माणूस आणि चूल थंड. एकदा माझ्यादेखत ओरडला, "हातच्या कांकणाला आरसा कशाला? पट्टा हिरवा हाय! सरकारचं यंत्र खोटं आणि ही एकटी खरी व्हय, वहिनी?"

आणि मी काय बोलले? मी म्हणाले, "मनाचं असतं गं काहीजणींचं. थोडं कामात मन घाल."

तिची पोरगी स्वरा तर शाळेला जाताना दारातून म्हणायची, "मम्मी, हिरवाय, ऊठ की." पोरीचा काय दोष? पूर्वी बाईला दुखतंय म्हटलं की निदान एखादी म्हातारी तेल चोळायला बसायची. आता पुरावा आला होता घराघरात, आणि पुरावा म्हणत होता की काही नाही. हेमानं हळूहळू सांगायचं बंद केलं. शेड सुटली. ती भिंतीकडं तोंड करून पडायला लागली आणि मी तिला मनातल्या मनात नाटकी म्हणायला लागले.

दोन हजार एक्केचाळीसच्या मार्चात मी वार्षिक अहवाल भरत होते. गावात ज्यांचे पट्टे वर्षभरात नारिंगी किंवा लाल झाले त्यांची यादी, अकरा नावं. फोननं एकेकीच्या पतीचं नाव विचारलं. कैलासवासी बाबासाहेब. कैलासवासी तुकाराम. कैलासवासी, कैलासवासी. नऊजणींचे नवरे गेलेले, दोघी टाकलेल्या. दोनशे अठरा सवाष्णींतली एकसुद्धा नाही. अख्ख्या वर्षात एकीलाही लघवीचा संसर्ग नाही, गाठ नाही, सूज नाही? बेदाण्याच्या शेडवर पाणी न पिता बसणाऱ्या बायकांत? मी अहवाल तसाच टाकून उठले.

यादीतली पहिली सारिका कोळी, आमच्याच गल्लीत. तिच्या दारात गेले, म्हटलं, "सारिका, तुझं शून्य मी कधी घेतलं गं?"

"तू मला कुठं बोलावलं होतंस हळदीकुंकवाला?" ती म्हणाली. तिचा हात चुलीवरच्या भाकरीवर होता, तो थांबला नाही. "वैशाखात आलीस घरी. घरात मी एकटी. इचारलंस, दुखतंय का. म्हटलं, दुखायलंय बाई, मरणाचं दुखायलंय. तुझा पट्टा घेईना नोंद. मग दवाखान्यात पाठवलंस, लिंबाएवढी गाठ निघाली, काढली. बरं वाटल्यावर घेतलंस शून्य, म्हणून तर औंदा लघवीला जळजळलं तसा नारिंगी झाला. तुलाच ठावं न्हाई व्हय?"

विधवांना आम्ही सणातून बाहेर ठेवलं, म्हणून त्यांना खरं बोलायला मिळालं. शेडवर बसून सवाष्णींच्या पोटात कायमचं मुरलेलं दुखणं मात्र मी यंत्राला शून्य म्हणून शिकवलं होतं. आणि दुखणं हळूहळू वाढलं तर शून्यही त्याच्या मागं मागं सरकत गेलं. पट्टा खोटं बोलत नव्हता. हेमाचं पोट खरंच नेहमीसारखं होतं.

मी पळत घरी आले. प्रमोदची पिकअप काढायला लावली. तालुक्याच्या दवाखान्यात खिडकीवरचा माणूस म्हणाला, "हिरवा आहे मॅडम, नाही होणार." मी अशी काही ओरडले की रांगेतल्या बायका उठून उभ्या राहिल्या. आतून डॉक्टर मगदूम बाहेर आल्या. तरुण बाई, शांत. त्यांनी हेमाला टेबलावर घेतलं, पट्टा सोडून बाजूला ठेवला आणि दोन्ही हातांनी पोट चाचपलं. एका बाजूला टिचकी मारली, दुसऱ्या बाजूला मारली. मग माझ्याकडं वळल्या.

"दोन वर्षांत हिच्या पोटाला कुणी हात लावला होता का?"

कुणीच नव्हता लावला. मीसुद्धा नाही. मी फक्त पट्टा बांधत होते.

पोटात पाणी भरलं होतं. डाव्या अंडाशयाचा कर्करोग, आतड्याच्या पडद्यावर आणि यकृतापर्यंत पसरलेला. सांगलीला तुकडा काढून तपासला, दोन इंजेक्शनं दिली, ती तिला सोसली नाहीत. तिथल्या डॉक्टरांनी पुढची देऊ नयेत असं सांगितलं. मी डॉक्टर मगदूमांना एकटीला गाठून विचारलं, "त्या संक्रांतीला कळलं असतं तर?"

त्यांनी हेमाचे कागद पुन्हा एकदा चाळले. मग म्हणाल्या, "हा आजार लवकर सापडत नाही, ताई. पण तीनच महिन्यांचा जडपणा होता म्हणता. बहुतेक एका बाजूलाच असता. ऑपरेशन झालं असतं."

मी जिल्ह्याला लिहिलं. चार पत्रांनंतर साहेबांनी बोलावलं. राज्यात एक्केचाळीस लाख बायकांची शून्यं हळदीकुंकवात घेतली होती. मी म्हटलं, सगळी पुसा. साहेब म्हणाले, "पुसली तर नव्यानं घेण्याआधी एक्केचाळीस लाख तपासण्या कराव्या लागतील. माणसं कुठं आहेत?" मग फाइल चाळत, जणू माझी समजूत काढावी तसं म्हणाले, "फेरनोंदणी करू की. बायका सगळ्या एकत्र कधी येतात? येत्या संक्रांतीलाच घेऊ."

आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. मी खूप बोलले, टेबलावर हात आपटला. शिपायानं मला पाण्याचा ग्लास दिला आणि बाहेरच्या बाकावर बसवलं. पत्राचं उत्तर आलं, नोंद घेण्यात आली आहे. गावात मी दारोदार फिरले, पोटाला हात लावून विचारायला लागले. बायका पट्टा दाखवायच्या. "हिरवा हाय की सुवर्णाताई. हेमाचं झालं म्हणून तुमच्या मनानं घेतलंय." मीच म्हटलं होतं ना, मनाचं असतं काहीजणींचं.

हेमाला मी सांगितलं. पायाशी बसून, रडत सांगितलं, की त्या दिवशी मी गप पड म्हणाले म्हणून हे झालं. तिचा चेहरा हाडाला चिकटला होता, पोट तेवढं वर. ती म्हणाली, "आठवतंय मला. मी आशाताईला सांगितलं होतं, अक्का. उत्तर जावंनं दिलं."

"मला माफ कर म्हणत न्हाई मी."

"नका म्हणू," ती म्हणाली. "आत्ता माझ्याच्यानं न्हाई व्हायचं ते."

मे महिन्यात तिला श्वास घेता येईना. डॉक्टर मगदूमांनी सुई घालून पोटातलं पाणी काढलं, साडेचार लिटर. पोट खाली बसलं. हेमानं खोल श्वास घेतला, पाय पसरले आणि कितीतरी दिवसांनी उताणी झोपली. प्रमोद भिंतीला टेकून लहान मुलासारखा रडला. उठल्यावर तिनंच पट्टा मागितला. बांधला, आणि दोन वर्षं हिरवा असलेला तो दिवा लाल झाला. फोन किंचाळायला लागला. "पोट नेहमीसारखं नाही. तातडीनं डॉक्टरांना भेटा."

मला तो फेकून द्यावासा वाटला. हेमा मात्र टक लावून बघत होती.

"अक्का, आत्ता न्हाई दुखत. खरंच न्हाई. आत्ता घ्या की माझं शून्य."

"आता कशाला गं?"

"घ्या म्हणते ना."

जुनं शून्य पुसायला डॉक्टरांचा अंगठा लागतो. डॉक्टर मगदूम पुढं आल्या आणि फोनवर अंगठा टेकवला. फोननं विचारलं, "आत्ता ओटीपोटात दुखतंय का?" हेमानं थोडा वेळ घेतला. पोटावर स्वतःचा हात ठेवून, आत नीट बघावं तसं डोळे मिटून, मग म्हणाली, "न्हाई." वीस मिनिटं ती हलली नाही. हेमाचं खरं शून्य आम्हाला मिळालं.

पाणी परत भरणार हे डॉक्टरांनी सांगितलंच होतं. आम्ही तिला घरी आणलं. चौथ्या दिवशी सकाळी पट्टा नारिंगी झाला, संध्याकाळी लाल. फोनवर यादी आली. डावं अंडाशय, एक्क्याण्णव टक्के. मेहेंदळे मॅडमनी सांगितलं होतं तसंच, अगदी बिनचूक. मग तो थांबेचना. दर तासाला वाजायचा. तिला कळ आली की आधी तो वाजायचा, मग ती कण्हायची. प्रमोद आता धावत यायचा, पाय चेपायचा. स्वरा शाळा बुडवून उशाशी बसायची. शेडवरच्या बायका दारात येऊन आवाज ऐकून तोंडाला पदर लावायच्या. मॉर्फिनचा थेंब कधी द्यायचा तेही मला त्याच्यावरूनच कळायचं.

सोळाव्या दिवशी तो सारखाच वाजायला लागला. घरात कुणाला ते ऐकवेना. स्वरानं कानांवर हात ठेवले होते. मी पट्टा सोडायला वाकले, तशी हेमानं माझं मनगट धरलं. पकडीत जोर असा नव्हताच.

"राहू दे अक्का," ती म्हणाली. "वाजू दे. कुणीतरी म्हणतंय तरी, हिला दुखतंय म्हणून."

मी हात मागं घेतला.